कोळंबीची भीती, पण नेमकी कशाची?

रविवारची सकाळ. पुणे-नाशिक महामार्गालगत मोशीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या गृहसंकुलांपैकी कोणत्याही एका घरातले स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणावे. मोबाइलवर पाहिलेली मलईदार मसाला कोळंबी आज करून बघायची आहे. अर्धा किलो कोळंबी आली आहे, फ्रेश क्रीमचे पाकीट आले आहे, लोणी आहे, लसूण सोलून तयार आहे. सासूबाई पाकीट पाहतात आणि म्हणतात, ‘‘अगं, दुधाच्या पदार्थात मासळी? अंगावर कोड उठेल.’’ सासरेबुवा म्हणतात, ‘‘मला वाढू नका, माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे.’’ धाकटा दीर विचारतो, ‘‘बर्फातली आहे ना? म्हणजे केमिकल मारलेलं असणार.’’

या तिन्ही शंका बोलून होईपर्यंत कोळंबी ओट्यावरच्या ताटलीत पडून आहे. ती सकाळी आठला आली, आता साडेदहा वाजले आहेत. त्याबद्दल कोणी काही बोललेले नाही. ज्या विळीवर ती सोलली, त्याच विळीवर आता काकडी चोचवली जात आहे. त्याबद्दलही कोणी बोललेले नाही. आणि घरातल्या कर्त्या मुलाची आज दुसरी पाळी आहे. दुपारी निघताना तो या कोळंबीचा भातासह डबा नेणार आणि रात्री आठच्या सुट्टीत तो उघडणार.

आपल्याकडे खाण्याची भीती कमी नाही. ती चुकीच्या जागी आहे, हा खरा प्रश्न आहे. कोळंबीच्या बाबतीत तर हे फार स्पष्ट दिसते. म्हणून एकेक भीती तपासून पाहायला हवी.

आधी सासूबाईंची. दूध आणि मासळी एकत्र खाऊ नये हा समज आजचा नाही. चरकसंहितेतही ही जोडी विरुद्ध आहारात धरली आहे. दूध आणि मासळी हे दोन्ही लवकर नासणारे पदार्थ, आणि त्या काळात बर्फ नाही, फ्रीज नाही. त्यामुळे हे दोन जिन्नस एका पानात येऊ न देण्यात व्यवहाराचे शहाणपण असावे, असा तर्क करता येतो. पण त्यातून ‘कोड येते’ हा जो निष्कर्ष घरोघर सांगितला जातो, त्याला आधुनिक वैद्यकात आधार नाही. कोड म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होणे. बहुतेक रुग्णांत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती या पेशींवर हल्ला करते. त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो. थायरॉइडसारखे विकार काही रुग्णांत सोबत आढळतात. खाल्लेले दूध पोटात गेल्यावर आम्लाने तसेही फाटते. त्यासोबत कोळंबी असल्याने त्वचेचा रंग खाणारे कोणतेही विष तयार होत नाही. बंगाली घरांत चिंगडीच्या कालवणाला मलाईकारी म्हणतात, तिथे नारळाचे दूध असते. पण उत्तर युरोपात मासळी साय-लोण्यातच शिजते. जगभर कोडाचे प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्के मानले जाते. मासळी आणि साय एकत्र खाणारे देश त्यात वेगळे उठून दिसत नाहीत.

हा समज निरुपद्रवी असता तर सोडून देता आला असता. पण त्याची किंमत माणसे मोजतात. मुलीच्या ओठाजवळ पांढरा डाग दिसला की पहिला प्रश्न ‘काय खाल्लं होतंस?’ हा असतो आणि दुसरा आईला असतो, ‘तू काय खायला घातलंस?’ आजारासोबत अपराधाचे ओझे येते. मग महिनोन् महिने मासळी बंद, दूध बंद, आंबट बंद अशी पथ्ये चालतात आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाण्याचा सुरुवातीचा, उपचाराला सर्वांत चांगली दाद मिळण्याचा काळ हातून निघून जातो. मलमे आणि अतिनील किरणांचे उपचार यांनी अनेकांना चांगला फरक पडतो. कोड संसर्गाने पसरत नाही. तरीही लग्ने मोडतात. याच पुणे परिसरात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभी केली आणि कोड असलेल्या तरुण-तरुणींसाठी वधू-वर मेळावे घ्यावे लागले, यातच या समजाची सामाजिक किंमत दिसते. तेव्हा साय घातलेल्या कोळंबीला नकार द्यायचा असेल तर खुशाल द्यावा, पण कोडाचे कारण सांगून नको.

आता सासरेबुवांचे कोलेस्टेरॉल. कोळंबीत कोलेस्टेरॉल असते, हे खरे. शंभर ग्रॅम मांसात साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम. पण रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा, म्हणजे लोणी, तूप, साय, वनस्पती तूप यांतल्या चरबीचा वाटा बराच मोठा असतो. १९९६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना तीन आठवडे रोज ३०० ग्रॅम कोळंबी खायला दिली होती. कमी कोलेस्टेरॉलच्या आहाराशी तुलना करता वाईट कोलेस्टेरॉल सुमारे ७ टक्क्यांनी वाढले, पण चांगले सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि ट्रायग्लिसराइड १३ टक्क्यांनी उतरले. अभ्यास लहान होता आणि स्वयंसेवक निरोगी होते. हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्यांनी तो जसाच्या तसा स्वतःला लावू नये. तरीही कोळंबीला एकटीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचे कारण त्यातून उरत नाही.

त्या रविवारच्या कढईचाच हिशेब मांडून पाहू. अर्धा किलो कोळंबी सोलल्यावर मांस उरते तीनशे ग्रॅमच्या आसपास. चौघांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला पाऊणशे ग्रॅम. त्यातले कोलेस्टेरॉल एका अंड्याच्या बलकापेक्षा कमी आणि संपृक्त चरबी अर्ध्या ग्रॅमचीही नाही. उलट प्रथिने पंधरा ग्रॅमच्या घरात. आता सायीकडे पाहा. २५ टक्के स्निग्धांशाच्या २०० मिलिलिटर क्रीममध्ये सुमारे ५० ग्रॅम चरबी, त्यातली दोन तृतीयांश संपृक्त. वर पन्नास ग्रॅम लोणी घातले तर आणखी २५ ग्रॅम संपृक्त चरबी. म्हणजे माणशी जवळजवळ १४ ग्रॅम. दिवसाला दोन हजार कॅलरी लागणाऱ्या माणसाने संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत ठेवावी, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीचा हिशेब आहे. एका वाटीत दोन तृतीयांश कोटा संपला, तोही सकाळचा चहा, पोळीवरचे तूप आणि संध्याकाळचा वडापाव न धरता. सासरेबुवांनी कोळंबी बाजूला काढून तिचा रस्सा भातावर ओढून घेतला, तर त्यांनी नेमके उलटे केले.

याचा अर्थ हा पदार्थ करूच नये असा नाही. सणासुदीला, महिन्यातून एखाद्या वेळी चालेल. नेहमी करायचा असेल तर लोणी वगळून चमचाभर तेलात कांदा-टोमॅटो परतावा, पाकिटातले पाव क्रीम वापरावे आणि दाटपणा वाटलेल्या काजू-मगजाने किंवा घोटलेल्या दह्याने आणावा. नारळाचे दूध ‘नैसर्गिक’ म्हणून मोकळे सोडू नये. त्यातली चरबीही बहुतांशी संपृक्तच असते. कोकणातले पातळ आमटीचे प्रमाण या बाबतीत शहाणे आहे. टोमॅटोचा आंबटपणा आणि जास्त आच यांनी साय फाटते, म्हणून ती गॅस मंद करून शेवटी घालतात. मिठाचा अंदाजही तेव्हाच घ्यावा, कारण लोण्यात आणि तयार मसाल्यांत मीठ आधीच असते.

तिसरी भीती केमिकलची. तिला थोडा आधार आहे, पण बर्फाशी तिचा संबंध नाही. नीट गोठवलेली कोळंबी ही टिकवण्याची चांगली रीत आहे. मासळीला फॉर्मॅलिन लावणे बेकायदा आहे; २०१८ मध्ये केरळात असा माल पकडला गेला तेव्हा कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या झटपट तपासणी पट्ट्या कामी आल्या. कोळंबीचे डोके काळे पडू नये म्हणून सल्फाइट वापरले जाते. दम्याच्या काही रुग्णांना त्याने त्रास होतो. म्हणून पाकीटबंद मालावरची ॲलर्जीची ओळ वाचावी. कोळंबी-खेकड्याचा वर्ग, दूध आणि सल्फाइट यांचा उल्लेख तिथे असणे नियमाने अपेक्षित आहे.

इथवर ज्या भीती होत्या त्या पाहिल्या. आता ज्या असायला हव्यात आणि नाहीत, त्या.

पहिली ॲलर्जीची. मराठी घरांत एक वाक्य सर्रास ऐकू येते: ‘‘कोळंबी उष्ण पडली, अंगावर पित्त उठलं.’’ मग आमसुलाचे पाणी चोळले जाते, गांध्या तासा-दोन तासांत बसतात आणि विषय संपतो. हे ‘पित्त’ बहुतेक वेळा उष्णतेचे नसते. कोळंबीच्या स्नायूत ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन असते. काहींची प्रतिकारशक्ती त्याला शत्रू समजते. हे प्रथिन शिजवल्याने नष्ट होत नाही, त्यामुळे ‘नीट शिजवली होती’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. त्याच्यासारखी प्रथिने झुरळांत आणि धुळीतल्या सूक्ष्म किड्यांतही असतात. ही ॲलर्जी अनेकदा मोठेपणी सुरू होते आणि सहसा आयुष्यभर राहते. ज्याने वीस वर्षे कोळंबी खाल्ली, त्यालाही ती अचानक होऊ शकते.

आज गांध्या उठल्या म्हणजे पुढच्या वेळीही तेवढेच होईल, याची खात्री नसते. पुढच्या वेळी ओठ-जीभ सुजू शकते, आवाज घोगरा होऊ शकतो, श्वास लागतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळून माणूस घेरी येऊन पडतो. हे काही मिनिटांत होते. अशा वेळी आमसूल, लिंबूपाणी किंवा घरातली ॲलर्जीची गोळी यांत वेळ घालवणे जिवावर बेतते. यावरचा उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ते स्वस्त आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत उपलब्ध असते. रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवावेत, श्वास लागत असेल तर टेकवून बसवावे, उभे करून चालवू नये आणि १०८ ला फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात तातडीने न्यावे. आणि ज्याला एकदा कोळंबीने ‘पित्त’ उठले आहे, त्याने पुन्हा खाऊन बघण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. पाहुण्यांना वाढताना ‘कोळंबी चालते ना?’ एवढे विचारणे पुरेसे आहे. क्रीम-मसाल्याच्या रश्श्यात ती ओळखू येतेच असे नाही.

दुसरी भीती वेळेची आणि तापमानाची, आणि ती सर्वांत मोठी. मोशीपासून समुद्र शंभर किलोमीटरहून लांब, घाटाच्या पलीकडे. जुन्या काळी घाटावर ताजी कोळंबी फारशी येतच नसे. यायचे ते सुकट, जवळा, सोडे. ती वाळवण्याची रीत हाच त्या काळचा फ्रीज होता. आज पुण्याच्या गणेश पेठेतल्या घाऊक बाजारात आणि पुढे पिंपरीपर्यंत मासळी बर्फातून येते. गोठवलेल्या मालाचा मोठा हिस्सा तळ्यात वाढवलेल्या व्हॅनामेई जातीचा असतो. पावसाळ्यात १ जूनपासून दोनेक महिने यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते आणि गटारी बहुतेक वर्षी नेमकी त्याच सुमारास येते. म्हणजे ज्या दिवशी कोळंबीला सर्वाधिक मागणी, त्या दिवशी ती बहुधा तळ्यातली किंवा साठवणीतली. तळ्यातली असण्यात वाईट काही नाही. प्रश्न एवढाच की बंदरापासून ओट्यापर्यंत ती सतत थंड राहिली का.

कारण कोळंबीवर येणारा एक जंतू वेळेचा फार पक्का आहे. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस हा समुद्राच्या आणि खाडीच्या पाण्यातला, पटकीच्या जंतूचा भाऊबंद. १९५० मध्ये जपानात ओसाका भागात बारीक मासळीतून विषबाधा होऊन २७२ जण आजारी पडले आणि २० दगावले, तेव्हा त्याचा शोध लागला. १९९६ मध्ये कोलकात्यात त्याचा एक नवा वाण आढळला आणि पुढे तो जगभर पसरला. उबदार हवेत, पोषण मिळाले तर हा जंतू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत एकाचे हजार. आता ओट्यावरची ती अडीच तासांची ताटली आठवावी.

चांगली गोष्ट ही की तो उष्णतेने सहज मरतो. पण मलईदार पदार्थात इथेच दोन घोटाळे होतात. कोळंबी रबरासारखी होऊ नये म्हणून ती कमी शिजवण्याचा सल्ला व्हिडिओत असतो आणि बाहेरून लाल-गुलाबी झाली की ती झाली असे समजले जाते. तो रंग कवच आणि वरच्या थरातल्या रंगद्रव्याचा. कमी उष्णतेतही तो दिसतो. आतले मांस काचेसारखे दिसायचे थांबून पांढरे, अपारदर्शक झाले पाहिजे. अर्धवट वितळलेल्या मोठ्या कोळंबीत आत बर्फ असतानाच बाहेर रंग चढतो. तीन-चार मिनिटे मध्यम आचेवर परतून, मग रश्श्यात एक चांगली उकळी काढली की भागते. दुसरा घोटाळा म्हणजे साय, लसूण आणि गरम मसाला खराब कोळंबीचा वास झाकतात. म्हणून वास घ्यायचा तो कच्च्या कोळंबीचा, मसाला लावण्याआधी. अमोनियासारखा उग्र वास, हाताला बुळबुळीतपणा, सैल सुटलेले कवच दिसले की ती कितीही महाग असली तरी टाकावी. नुसते डोके काळसर असणे मात्र कुजल्याचे लक्षण नव्हे. ती कापलेल्या सफरचंदासारखी क्रिया आहे.

घरात पाळायच्या गोष्टी थोड्या आहेत. मासळी सर्वांत शेवटी विकत घ्यावी आणि सरळ फ्रीजमध्ये ठेवावी. गोठवलेली कोळंबी ओट्यावर नव्हे, रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट भांड्यात सुटू द्यावी. घाई असेल तर बंद पिशवीतून थंड पाण्यात. एकदा सुटलेली परत गोठवू नये. कोळंबीची विळी-पाटी साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर कोशिंबीर चिरू नये. शिजवलेल्या कोळंबीतून वाचलेला जंतू कच्च्या काकडीतून पोटात जातो. उरलेले दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, दोन दिवसांत संपवावे आणि खाताना खदखदून गरम करावे.

आणि डबा. इथे परत गरम करणेही पुरत नाही. शिजलेल्या भातात तग धरून राहणारा बॅसिलस आणि हाताच्या त्वचेवरून येणारा स्टॅफिलोकोकस हे जंतू उबदार डब्यात वाढतात आणि असे विष सोडतात, जे नंतर कितीही तापवले तरी जात नाही. दुपारी एकला भरलेला, दुचाकीच्या डिकीत तापलेला, शेडमधल्या लॉकरमध्ये ठेवलेला डबा रात्री आठला उघडला, तर त्यात सात तासांची वाढ असते. चाकण, भोसरी, तळवड्याच्या पट्ट्यात रात्री अचानक उलट्या-जुलाबाने ढासळणारा कामगार ‘कंपनीतलं पाणी बाधलं’ म्हणतो. ते पाणीच असेल असे नाही. यंत्रावर उभा असताना घेरी आली तर पोटाचा विकार हाताचा अपघात होऊ शकतो. म्हणून लांबच्या पाळीच्या डब्यात कोळंबी, साय, भात हे मिश्रण नकोच. चपाती, सुकी भाजी, चटणी न्यावी. कोळंबी घरी आल्यावर किंवा निघण्याआधी खावी. उलट्या-जुलाब झालेच तर ओआरएस सुरू करावे. शौचात रक्त, लघवी बंद होणे, सतत उलट्या, ताप, किंवा रुग्ण गरोदर, वृद्ध, तान्हा असेल तर थांबू नये. यकृताचा आजार असणाऱ्यांनी अर्धकच्ची कोळंबी कधीच खाऊ नये. त्यांच्यात असे जंतू रक्तात उतरून जीव घेऊ शकतात.

सगळा भार घरातल्या बाईवर टाकून हे सुटणार नाही. कारखाना कायदा, १९४८ ने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी उपाहारगृहाची तरतूद केली. पण या पट्ट्यातली असंख्य छोटी वर्कशॉप त्या मर्यादेच्या खाली राहतात आणि तिथला कामगार डब्यावरच जगतो. तिथे डब्यांसाठी एक साधा फ्रीज ठेवणे ही कोणत्याही मालकाच्या आवाक्यातली गोष्ट आहे. एका बुडालेल्या पाळीपेक्षा तो स्वस्त पडतो. पालिकेने मासळी बाजारांतल्या गाळ्यांना स्वच्छ बर्फ, पाणी आणि निचरा द्यावा. अन्न व औषध प्रशासनाने सणांच्या तोंडावर मिठाईइतकीच मासळीच्या साठवणीचीही तपासणी करावी. आणि दवाखान्यांत ‘मासळीने पित्त उठते’ म्हणणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर ‘ॲलर्जी’ हा शब्द ठळक लिहिला जावा.

त्या रविवारच्या घरात सासूबाईंनी काळजी केली, ती चूक नव्हती. पिढ्यान् पिढ्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी असेच बजावत अनेकांना वाचवले आहे. फक्त पुढच्या रविवारी त्यांनी क्रीमच्या पाकिटाऐवजी घड्याळाकडे बोट दाखवावे: ‘‘अगं, कोळंबी कधीची बाहेर आहे?’’

एवढा एक प्रश्न विचारला गेला, तरी त्या घरातले जेवण निर्धास्त होईल.